मराठी ख्रिस्ती गीत आणि गाणारे मूल : काही विचार

एम. ए. च्या वर्गात 'स्मृतिचित्रे' शिकवीत असताना काही वर्षांपूर्वी घडलेला एक लहानसा प्रसंग प्रस्तुत लेखास निमित्त झाला आहे. लक्ष्मीबाईंच्या आत्मकथनाकडे वळण्यापूर्वी रेव्हरंड टिळकांच्या काव्याचा परिचय करून द्यावा म्हणून मी नेहमीप्रमाणे 'फुलामुलांचे कवी' ही उपाधी उच्चारली, निसर्गकविता आणि कौटुंबिक कविता यांवर थोडे बोलले आणि त्यांच्या भक्तिपर रचनेचा उल्लेख एका वाक्यात आटोपला. तास संपल्यावर नाशिकच्याच शरणपूर भागात वाढलेली एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. टिळकांचा एक अभंग ती सात-आठ वर्षांची असल्यापासून म्हणत आली होती. तो तिला रविवारच्या शाळेत शिकविण्यात आला होता, आणि महिन्यातील एका रविवारी आठ-दहा मुले मिळून तो इस्पितळातील रुग्णांपुढे व वस्तीतील अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांपुढे गात असत. तो अभंग कोणाचा हे मात्र तिला बी. ए. ला येईपर्यंत ठाऊक नव्हते. तिने विचारले, "मॅडम, तुम्ही शिकवता ते टिळक आणि आम्ही गायलो ते टिळक एकच का?"

या प्रश्नाचे 'होय' हे उत्तर सोपे होते. परंतु पंधरा-सोळा वर्षे टिळक शिकवूनही हा प्रश्न मला स्वतःला कधी पडला नव्हता, ही गोष्ट अस्वस्थ करणारी होती. आमच्या अभ्यासक्रमातील टिळक छापील पानावर राहतात. तिचे टिळक आजाऱ्याच्या खाटेशी उभ्या असलेल्या मुलांच्या कंठात होते. वाङ्मयाच्या इतिहासाने या दुसऱ्या टिळकांची नोंद घ्यावयाची की नाही, हा खरा प्रश्न आहे. माझ्या मते ती घेतली पाहिजे, आणि ती 'ख्रिस्ती साहित्य' या स्वतंत्र प्रकरणात बंद करून न ठेवता मराठी बालगीताच्या आणि मराठी भक्तिगीताच्या विचारात घेतली पाहिजे.

आपल्याकडील बालसाहित्याच्या मीमांसेत मूल हे सामान्यतः ग्रहण करणारे मानलेले आहे. प्रौढ लिहितो, मूल ऐकते वा वाचते. त्याचे रंजन होते, त्याच्यावर संस्कार होतात. बडबडगीतापासून बोधगीतापर्यंतच्या सर्व रचना या एकाच दिशेने वाहतात असे आपण गृहीत धरतो. मराठी ख्रिस्ती समाजातील मुलांच्या गीतगायनाचा विचार करू लागताच हे गृहीतक अपुरे पडते. तेथे मूल गीत घेते ते ते दुसऱ्यास देण्यासाठी. ऐकणारा प्रौढ असतो, बहुधा दुःखात असतो, आणि देणारे मूल असते. या देण्याच्या क्रियेतूनच त्या मुलाची श्रद्धा आकार घेते, असे मला अनेक कुटुंबांशी झालेल्या संभाषणांवरून वाटू लागले आहे. प्रस्तुत लेखिका ख्रिस्ती नाही. त्यामुळे श्रद्धेच्या सत्यासत्यतेविषयी बोलण्याचा अधिकार मी घेत नाही. परंतु श्रद्धा भाषेतून कशी वाढते हा भाषेच्या अभ्यासकाचाही विषय आहे.

दारी जाऊन गाणाऱ्या मुलाची प्रतिमा नाशिककरांना परकी नाही. गोदावरी-नंदिनीच्या संगमावरील टाकळी येथे रामदासांनी बारा वर्षे तपश्चर्या केली असे परंपरा सांगते. त्यांच्या संप्रदायात मनाचे श्लोक म्हणत भिक्षा मागण्याची रीत रूढ झाली. पौष महिन्यात निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वराकडे जाणाऱ्या दिंड्यांत टाळ घेतलेली लहान मुले आपण दरवर्षी पाहतो. बापाच्या टाळाकडे पाहत पाहत त्यांचा ठेका पक्का होतो. अभंगाचा अर्थ पुढे केव्हातरी उलगडतो. भिक्षेच्या श्लोकात दारी उभा असलेला गाणारा मागणारा असतो, दिंडीत तो समूहाचा एक घटक असतो. आणि इस्पितळात गाणारे मूल यांहून वेगळ्या जागी उभे असते. त्याच्यासमोर एक अनोळखी, वेदनेने कण्हणारा मनुष्य असतो. तेथे स्वर धरून ठेवावा लागतो, रडू येऊ द्यावयाचे नसते, आणि पळून जाता येत नाही. ही परीक्षा मोठ्यांनाही सोपी नसते.

मुलांच्या गायनाचा धर्मकार्यासाठी उपयोग करण्याची प्रथा मराठी मुलखाच्या किनाऱ्यावर पाश्चात्य धर्मोपदेशकांबरोबर आली. १५४२ मध्ये गोव्यात उतरलेल्या फ्रान्सिस झेव्हिअरने हातात घंटा घेऊन रस्त्यातून मुले गोळा केली आणि धर्मसूत्रे त्यांच्याकडून गाऊन घेतली. पुढे दक्षिणेतील मोतीकिनाऱ्यावर काम करताना, आजाऱ्यांकडे जाण्यास आपणास वेळ पुरत नाही म्हणून त्याने मुलांनाच त्या घरी प्रार्थना म्हणावयास पाठविले. मुलांची सेवा आणि मुलांचे धर्मशिक्षण यांचा असा सांधा त्याच्या पत्रांत स्पष्ट दिसतो. परंतु त्याच पत्रांत आणखीही एक गोष्ट आहे, आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्याच मुलांना त्यांच्या आईवडिलांच्या मूर्ती फोडण्यास उद्युक्त केले गेले, आणि याचे झेव्हिअरला समाधान वाटले. ज्या कंठाने आजाऱ्याला धीर द्यावयाचा, त्याच्याच हातांनी घरातील देव फोडावयाचे, हा विरोध आज आपल्याला सलतो, आणि तो सललाच पाहिजे. मुलांच्या निष्ठेचा असा वापर कोणत्याही धर्माने वा पक्षाने केला तरी तो निंद्यच होय.

फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' (१६१६) आपण सर्वजण मराठी भाषेच्या स्तुतीसाठी वाचतो. त्याच्या आरंभीची एक तपशिलाची गोष्ट मात्र सहसा कोणी लक्षात घेत नाही. साष्टीत मुलांना धर्मशिक्षण दिले जात असताना एक भाविक मनुष्य बोलू लागतो आणि आमच्यासाठी पुराणासारखे काही असावे अशी मागणी करतो; त्यातून ग्रंथाचे निमित्त उभे राहते. म्हणजे जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचा पहिला प्रसंग मुलांच्या वर्गातला आहे. मुलांना सूत्रे पाठ करावयास मिळत होती. मोठ्यांनी मागितली ती कथा आणि ओवी. झेव्हिअरपासून स्टीफन्सपर्यंतच्या सत्तर-पाऊणशे वर्षांत जे घडले ते माझ्या मते या मागणीत आहे: धर्म स्थानिक छंदात आल्याखेरीज तो घरात येत नाही, हे मिशनऱ्यांपेक्षा श्रोत्यांना आधी कळले होते.

हाच धडा प्रॉटेस्टंट मिशनांना एकोणिसाव्या शतकात पुन्हा शिकावा लागला. नाशिकपुरते बोलायचे तर चर्च मिशनरी सोसायटीने १८५४-५५ च्या सुमारास शहराबाहेर शरणपूर ही वसाहत वसविली. नावातच शरण आलेल्यांचे पूर असा अर्थ आहे. अनाथ मुले तेथे वाढली. अरबी समुद्रातील गुलामवाहू गलबतांवरून सोडविलेली आफ्रिकन मुलेही पुढे येथे आणण्यात आली आणि रेव्हरंड विल्यम प्राइस यांच्या देखरेखीखाली शिकली. त्यांची मूळ नावे गेली, भाषा गेल्या, आईवडील तर आधीच गेले होते. त्यांच्यापैकी एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात मरण पावले तेव्हा त्यांचे हृदय जेथे पुरले त्या ठिकाणी अंत्यविधीची प्रार्थना या तरुणाने वाचली आणि झाडावर लेख कोरला. देहाबरोबर तो इंग्लंडपर्यंत गेला, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये शवपेटी धरणाऱ्यांत तो होता. नाशिकच्या इतिहासात या घटनेला जेवढी जागा मिळावयास हवी तेवढी अजून मिळालेली नाही, हे जाता जाता नमूद करते.

वेनराइटचा उल्लेख येथे केवळ कुतूहलापोटी केलेला नाही. मिशनच्या अनाथाश्रमातील मूल हे व्याख्येनेच घेणारे मूल असते. अन्न, वस्त्र, नाव, धर्म, सर्व काही त्याला दिलेले असते. देणगीदारांसाठी लिहिलेल्या अहवालांत ते उपकृत म्हणूनच येते, आणि उपकृताची भूमिका मनुष्याला आतून वाकवते. नाशिकला ज्याला प्रार्थना शिकविली गेली तो मुलगा ती एका मृत माणसासाठी म्हणतो, त्या क्षणी तो घेणाऱ्याच्या जागेवरून उठून देणाऱ्याच्या जागी उभा राहतो. पाठ केलेले शब्द तेव्हा त्याचे स्वतःचे होतात. मुलांच्या सेवागीतांचे महत्त्व मला येथे दिसते. गाणे ही अशी एकच वस्तू आहे की जी निर्धनातील निर्धन मुलालाही दुसऱ्याला देता येते, आणि दिल्याने ती त्याच्यापाशी कमी होत नाही.

मात्र त्यासाठी गाणे मुलाच्या तोंडात बसले पाहिजे. आरंभीच्या मराठी ख्रिस्ती उपासनेत इंग्रजी गीतांची भाषांतरे मूळ चालींवर म्हटली जात. छंदाच्या दृष्टीने हा प्रकार किती त्रासदायक आहे हे कोणत्याही मराठी शिक्षकाला चटकन कळेल. इंग्रजी चाल आघातावर उभी असते, आपली भाषा लघु-गुरूवर. 'कृपा' हा शब्द घ्या. पहिले अक्षर लघु, दुसरे गुरू. इंग्रजी चालीचा पहिला ठोका त्या लघू अक्षरावर पडला की मुले 'क्रूऽपा' म्हणू लागतात आणि दयेच्या ठिकाणी भलतेच काही ऐकू येते. याउलट मोठ्या अभंगाचा सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा चरण घेतला तर त्यात लघु-गुरूचे बंधन नाही, दुसऱ्या-तिसऱ्या चरणांतील यमक स्मरणाला हात देते, आणि शेवटचा आखूड चरण लहान मुलाला श्वास घ्यायला जागा ठेवतो. ओवी-अभंगांना आपण संतांची देणगी म्हणतो. त्या छंदांनी लहान फुफ्फुसांची केलेली सोय आपण कधी मोजलेली नाही.

अमेरिकन मराठी मिशनच्या अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) केंद्रात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली, आणि त्या वाटेवरून पुढे टिळक आले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतरही तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो ही टिळकांची भूमिका सर्वश्रुत आहे. तिचा अर्थ आपण वैचारिक पातळीवर लावतो. माझ्या समजुतीप्रमाणे ती छंदाची आणि घराच्या वळणाचीही गोष्ट आहे. ज्या मराठी मुलाच्या कानावर आजीच्या जात्यावरची ओवी पडलेली आहे, त्याच्या ओठांवर प्रभूचे नाव त्याच वळणाने यावे, ही टिळकांची धडपड होती. 'अभंगांजली' आणि 'भजनसंग्रह' यांचे वाङ्मयीन मूल्य टिळकांच्या निसर्गकवितेहून कमी आहे असे मत पुष्कळ वेळा मांडले जाते. पानावर वाचताना मलाही काही रचना सपाट वाटल्या आहेत. परंतु गेयपदाचे मूल्यमापन वाचनाच्या कसोटीवर करणे हे नाटक न पाहता त्याची संहिताच तपासण्यासारखे आहे. ज्या शब्दांची सहजता वाचकाला सपाट वाटते ती सात वर्षांच्या गायकाला आणि मरणपंथाला लागलेल्या श्रोत्याला मात्र नेमकी हवी असते.

टिळकांच्या बाबतीत मुले ही काव्याचा विषय होण्याआधी घरातील माणसे होती. १८९९-१९०० च्या दुष्काळात राहुरीच्या त्यांच्या घरी पोरकी मुले आली. जवळ पैसा नसताना टिळक मुले घेऊन येत आणि त्यांना खाऊपिऊ घालण्याचा भार लक्ष्मीबाईंवर पडे. नाशिकजवळील जलालपूरच्या गोखल्यांच्या घरातील, सोवळ्याओवळ्याच्या धाकात वाढलेली ही स्त्री कोणत्याही जातीच्या मुलाला आपल्या हाताने भरवू लागली, आणि १९०० मध्ये राहुरीतच तिने बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रां'तील या भागाचे विवेचन करताना आपण लक्ष्मीबाईंचा विनोद, त्यांची निर्भीडता, टिळकांचा विक्षिप्तपणा यांवर भर देतो. मला वाटते, फुलामुलांचे कवी ही उपाधी या राहुरीच्या घरातून पाहिली पाहिजे. टिळकांच्या कवितेतील मूल गोंडस आहे असे म्हणून आपण थांबतो, पण त्या गोंडसपणामागे भुकेने पोट खपाटीला गेलेली मुले उभी आहेत, आणि कवी त्यांना फुलाची उपमा देतो ती केवळ कोमलतेसाठी नव्हे. फूल देऊन टाकते, काही राखून ठेवत नाही. मुलांनीही देणारे व्हावे हे त्या उपमेचे दुसरे टोक आहे.

याच दुष्काळकाळात पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात शेकडो मुली आश्रयास आल्या. १९०५ नंतर तेथील मुली गटागटाने खेड्यापाड्यांत जाऊ लागल्या, तेथील अंध मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकविली, आणि रमाबाईंच्या बायबल-भाषांतराच्या छपाईचे काम मुक्तीच्याच स्त्रियांनी केले. आश्रितांनी देणारे होणे हे सूत्र तेथेही दिसते. त्याचा स्वतंत्र अभ्यास व्हावा.

लक्ष्मीबाईंचा अखेरचा काळ नाशिकात गेला. टिळकांच्या १९१९ मधील निधनानंतर अपूर्ण राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पुढे नेले, १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' भागाभागाने प्रसिद्ध झाली, आणि १९३६ मध्ये त्या नाशिकातच वारल्या. त्यांचे पुत्र देवदत्त टिळक यांनी 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकाचे संपादन केले. 'बालबोधमेवा' १८७२ मध्ये सुरू झालेले, म्हणजे मराठीतील मुलांच्या आरंभीच्या मासिकांपैकी एक. आमच्या विभागात दलित आत्मकथनांवर, ग्रामीण कादंबरीवर, स्त्रीलेखनावर प्रबंध झाले ही आनंदाची गोष्ट आहे. पण ज्या शहरात हे मासिक घराघरात वाचले गेले त्या शहरातील विभागाने त्याच्या अंकांची साधी सूचीही करू नये, याचे आश्चर्य वाटते. या दोषात मीही वाटेकरी आहे.

या भूमिकेवर घेतले जाणारे दोन आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला असा की, ज्याला धर्म निवडण्याचे वय नाही त्याला धर्मगीत गायला लावणे हाच संस्काराचा बलात्कार होय. आक्षेप गंभीर आहे आणि झेव्हिअरच्या मुलांची आठवण ठेवली तर तो उडवून लावता येत नाही. पण हाच न्याय लावायचा तर शुभंकरोती म्हणणारे मूल, दिंडीतील टाळकरी मूल, मदरशात तिलावत करणारे मूल, यांपैकी कोणाचेच गाणे निर्दोष ठरणार नाही. मूल घरच्या भाषेत वाढते तसे घरच्या भक्तीतही वाढते. विवेक करावयाचा तो या ठिकाणी: गाणे मुलाला कोणाच्या विरुद्ध उभे करते, की कोणाच्या जवळ नेते? शरणपुरातील माझ्या विद्यार्थिनीने ज्या खाटांशी गायले त्यांवर हिंदू, मुसलमान, बौद्ध सर्वच होते. तिला सांगितलेला नियम एवढाच होता की रुग्ण 'नको' म्हणाला तर गायचे नाही, नुसते पाणी देऊन यायचे. एका वृद्धाने 'नको' म्हटले होते. पुढच्या महिन्यात त्याने स्वतःच त्यांना बोलावले आणि तुकारामांचा अभंग येतो का म्हणून विचारले. मुलांना तो येत नव्हता. पुढच्या खेपेस ती तो शिकून गेली. तोवर खाट रिकामी झाली होती. तिच्या श्रद्धेविषयी मी विचारले तेव्हा तिने बायबलातील वचन सांगितले नाही, या रिकाम्या खाटेची गोष्ट सांगितली.

दुसरा आक्षेप ख्रिस्ती मित्रांकडूनच येतो. ते म्हणतात, आता कोण अभंग गातो? की-बोर्ड आला, ड्रम आले, इंग्रजी व हिंदी गीतांची घाईघाईने केलेली भाषांतरे आली. मुलांना तीच आवडतात. मुलांना काय आवडते हे ठरविणारे बहुधा मोठेच असतात, हा माझा अनुभव. बदलास माझा विरोध नाही. वाद्ये प्रत्येक पिढीत बदलली. परंतु 'क्रूऽपा' पुन्हा आली आहे, या वेळी ध्वनिवर्धकासह. शिवाय सेवेचे गायन रंगमंचावर चढले की त्याची स्पर्धा होते, बक्षिसे येतात, हल्ली तर मोबाइलवर चित्रफीत निघते, आणि ज्याच्यासाठी गायचे तो आजारी मनुष्य चौकटीबाहेर राहतो. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेत दर फेब्रुवारीला हजारो लोक येतात, त्यांत ख्रिस्तीतर भाविकही मोठ्या संख्येने असतात. तेथील गर्दीत एका कोपऱ्यात वाद्याशिवाय गाणाऱ्या चार मुलांभोवती माणसे अधिक वेळ थांबलेली मी पाहिली आहेत.

आमच्यापुढील तातडीचे काम वेगळेच आहे. 'उपासनासंगीता'सारख्या गीतसंग्रहांत शब्द सुरक्षित आहेत. चालीचा मात्र बहुधा गीताच्या माथ्यावर एका ओळीत नुसता निर्देश असतो. ती चाल ज्या पदावरून घेतली ते पदच आज कोणास ठाऊक नसते. चाल माणसांच्या स्मरणात आहे, आणि ती माणसे आता ऐंशी-पंच्याऐंशीच्या घरात आहेत. जात्यावरच्या ओव्या संकलित करताना आपण जी पद्धत वापरली, म्हणजे गाव, गाणारी, कोणाकडून शिकली, कोणत्या प्रसंगी म्हटली, तीच येथे वापरता येईल. त्यात 'कोणासाठी गायली' हा आणखी एक रकाना असावा एवढीच माझी सूचना आहे.

त्या विद्यार्थिनीने गेल्या उन्हाळ्यात स्वतःहून थोडी सुरुवात केली. मी दोन-तीन घरी तिच्याबरोबर गेले. तिच्या लहानपणच्या अभंगाच्या तीन निराळ्या चाली आतापर्यंत मिळाल्या आहेत. तिसरी चाल सांगणाऱ्या आजींना शब्द मुळीच आठवत नव्हते. त्या नुसत्या गुणगुणत होत्या, मध्येच थांबत होत्या. पाचवीत शिकणारी त्यांची नात पलंगाच्या कडेला बसून एकेक शब्द पुरवीत गेली, आणि तिला येणारी चाल वेगळी असल्यामुळे दर चरणाला ती अडखळत, आजींच्या तोंडाकडे पाहत, आपला स्वर त्यांच्या स्वराशी जुळवून घेत होती. ध्वनिमुद्रण चालू ठेवण्याचे आमच्या लक्षात राहिले, हे नशीब.